रानांतील सुरीची पारख

वस्तूची किंमत आणि वस्तूचा कस हीं दोन निरनिराळीं आहेत, हें आपल्या घरांतील वडील बायकांस कोणीं शिकवावें लागत नव्हतें. बाजारांतून नवी विळी आली कीं तिचा भाव त्या चार दिवसांत विसरून जात. परंतु ती फणसाला कशी चालली, श्रावणांत तिच्यावर गंज किती चढला आणि धारेसाठीं ती वर्षांतून किती वेळां बाहेर न्यावी लागली, हें त्या दहा वर्षांनींहि सांगत. हल्लीं पारखीचा हा क्रम उलटला आहे. वस्तु हातीं येण्यापूर्वींच तिची कीर्ति कानीं येते आणि भाव जितका मोठा तितका विश्वास अधिक बसतो. अशाच एका वस्तूविषयीं आज चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

वसई-विरारच्या परिसरांतील तरुण मुलें-मुली सुटीच्या दिवशीं पाठीवर पिशवी टाकून डोंगरांत जातात. तुंगारेश्वर, कामणदुर्ग, टकमक येथपासून थेट हरिश्चंद्रगडापर्यंत त्यांची मजल जाते. ही गोष्ट आम्हांस मनापासून आवडते. ज्या पिढीचा सारा दिवस काचेच्या पडद्यापुढें जातो, तिनें आठवड्यांतून एकदां तरी दगडमातीवर पाय ठेवावा, हें चांगलेंच आहे. मात्र त्या पिशवींत अलीकडे एक नवी वस्तु दिसूं लागली आहे. ती म्हणजे जाड पात्याची, काळ्या म्यानाची, परदेशी बनावटीची सुरी. आमच्या लहानपणीं मिटतो तो चाकू आणि मिटत नाहीं ती सुरी असा साधा भेद करीत. त्या अर्थानें ही सुरीच होय. परंतु तिला ‘सर्व्हायव्हल नाइफ’ असें भारदस्त नांव मिळालें आहे, आणि नामांकित कारखान्याची असली तर तिची किंमत दहा हजार रुपयांच्याहि वर जाते. आपण तिला संकटकालची सुरी म्हणूं.

एकत्र कुटुंबांत अशा खरेदीवरून थोडीबहुत धुसफूस होतेच. आजोबांस तो पैशांचा चुराडा वाटतो, नातवास ती सुरक्षिततेची तरतूद वाटते. वाद मिटवावयाचा तर दोघांनींहि घटकाभर लोखंडाची बाजू ऐकून घेतली पाहिजे. इतके पैसे मोजून आणलेलें पातें आमच्या कोंकणी पावसांत, खाऱ्या वाऱ्यांत आणि सह्याद्रीच्या रानांत टिकतें काय, एवढाच प्रश्न आहे.

पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यांत मिसळलेला थोडासा कर्ब. शेंकडा पाऊण ते एक भाग कर्ब असलेलें पातें लालभडक तापवून एकदम निवविलें कीं तें फार कठीण होतें, पण त्याबरोबर कांचेसारखें ठिसूळहि होतें. म्हणून तें पुन्हां सुमारें दोनशें अंश सेंटिग्रेडपर्यंत हलकेंच तापवावें लागतें. त्यानें कठीणपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. पात्याचा जन्म ह्या दोन संस्कारांत आहे. आपले लोहार पहिल्या संस्कारास ‘पाणी पाजणें’ म्हणतात, आणि सहाव्या शतकांतील वराहमिहिरानेंहि बृहत्संहितेच्या खड्गलक्षणाच्या अध्यायांत ‘पान’ हाच शब्द योजिला आहे. तापल्या पात्यास कोणकोणतीं द्रव्यें पाजावींत ह्याचे प्रकार त्यानें दिले आहेत. त्यांतील एक प्रकार वसईकरांस विशेष रुचेल. केळीचा क्षार ताकांत मिसळून दिवसभर मुरवावा व तो पात्यास पाजावा, म्हणजे तें दगडावरहि भंगत नाहीं आणि दुसऱ्या लोखंडावर बोथट होत नाहीं, असें त्याचें म्हणणें आहे. मिठाच्या किंवा क्षाराच्या पाण्यांत तापल्या पोलादाभोंवतीं वाफेचें कवच टिकत नाहीं व तें साध्या पाण्यापेक्षां अधिक सारखें निवतें, असें आजचें धातुशास्त्रहि सांगतें. सारांश, पात्याचा कस धातूंत जितका असतो तितकाच संस्कारांतहि असतो. महाग सुरीच्या किंमतींतील मोठा भाग वस्तुतः ह्या संस्काराच्या काटेकोरपणाचा असतो. शंभर सुऱ्यांपैकीं शंभरहि सारख्याच उतराव्यात ह्याचे ते पैसे आहेत.

आतां गंजाकडे वळूं. लोहाराच्या पोटीं जन्मलेला थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे ह्यानें स्टोडार्ट नांवाच्या सुरीकाराबरोबर हिंदुस्थानच्या ‘वूट्झ’ पोलादाचा अभ्यास केला, आणि त्याच ओघांत १८२२ च्या सुमारास पोलादांत क्रोमियम मिसळूनहि पाहिलें. परंतु न गंजणाऱ्या पोलादाची खरी ओळख व्यापारी जगास झाली ती १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली ह्यानें केलेल्या मिश्रणानें. क्रोमियमचें प्रमाण शेंकडा साडेदहा भागांच्या वर गेलें म्हणजे पृष्ठभागावर त्याच्या भस्माचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी तो हवेंत पुन्हां भरून येतो, आणि आंतलें लोखंड वांचतें.

संकटकालच्या सुऱ्यांचे ह्यावरून दोन वर्ग पडतात. पहिला साध्या कर्बपोलादाचा. अमेरिकेच्या मरीन शिपायांस १९४२ पासून मिळालेली सात इंच पात्याची ‘का-बार’ सुरी ह्या वर्गांतली. दुसरा वर्ग क्रोमियमवाल्या पोलादाचा. स्वीडनच्या हवाई दलानें १९९५ सालीं आपल्या वैमानिकांसाठीं स्वीकारलेली ‘फेल्क्निव्हेन’ कंपनीची ‘एफ-वन’ ही त्याचें उदाहरण होय. तिचें पातें चार इंचांहून किंचित् आंखूड आणि साडेचार मिलिमीटर जाड आहे. दोन्ही सुऱ्या आपापल्या जागीं नांवाजलेल्या आहेत. प्रश्न आहे तो जागेचा.

वसईच्या पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणा. चार महिने पाऊस, आणि उरलेले आठ महिने मिठाचे सूक्ष्म कण वाहणारा वारा. अशा हवेंत कर्बपोलादाचें उघडें पातें एका ओल्या रात्रींत तांबूस होतें. क्रोमियमवालें पातें दीर्घकाळ दम धरतें, परंतु तेंहि अमर नव्हे. मिठांतील क्लोराइड तो रक्षक पापुद्रा जागोजागीं भेदतो आणि टांचणीच्या टोंकाएवढीं छिद्रें पाडतो. जेथें ओल कोंडते व हवा खेळत नाहीं, म्हणजे म्यानाच्या आंत, मुठीच्या सांध्यांत, खिळ्यांच्या भोंवतीं, तेथें हा रोग आधीं लागतो. ‘स्टेनलेस’ ह्या शब्दाचा अर्थ लोक डाग न पडणारें असा करितात. कमी डाग पडणारें असा केला असता तर पुष्कळांची निराशा टळली असती.

ह्याचें प्रत्यंतर आमच्याच घरांत मिळालें. आमच्या पुतण्यानें अशीच एक क्रोमियमवाली सुरी मोठ्या हौसेनें आणली होती. भाद्रपदांत गणपती विसर्जनानंतर मुलें डोंगरांत जाऊन आलीं, आणि सुरी तिच्या कातडी म्यानांत घालून पडवींतील खुंटीस टांगली गेली. दिवाळीच्या आवराआवरींत ती बाहेर काढली तों पात्याच्या एका अंगास तपकिरी ठिपक्यांची रांग उठलेली! “काका, हें पोलाद गंजत नाहीं असें स्पष्ट लिहिलें होतें,” असें तो खिन्नपणें म्हणाला. त्याच वेळीं स्वयंपाकघरांतील साध्या लोखंडाची विळी, जिला क्रोमियमचा स्पर्शहि नाहीं, ती अंगानें काळी पण धारेशीं लखलखीत होती. कारण उघड आहे. वहिनी ती रोज धुतात, लगेच कोरडी पुसतात आणि बोटभर खोबरेल तेल फिरवितात. कातडें ओल धरून ठेवतें, आणि कमावतांना वापरलेल्या द्रव्यांचा अंश त्यांत राहून धातूस लागतो; म्हणून सुरी वापरावी म्यानांतून, पण ठेवावी म्यानाबाहेर. हा नियम कारखानदारहि सांगतात, परंतु किंमत मोठी असली कीं तिला निगा लागत नाहीं, अशी एक भाबडी समजूत आपल्यांत आहे.

गंजाखालोखाल भीति मोडण्याची. कठीणपणा आणि चिवटपणा हीं सख्खीं भावंडें असूनहि एका घरांत सुखानें नांदत नाहींत. एक वाढलें कीं दुसरें घटतें. कठीणपणा मोजण्याचें रॉकवेल नांवाचें एक मापन आहे. कणखर कामाच्या सुऱ्या त्या मापनाप्रमाणें बहुधा ५६ ते ५८ अंशांवर ठेवितात. फार दिवस धार टिकावी म्हणून कांहीं महाग सुऱ्या ६० च्याहि पुढें नेतात. त्या भाजी, दोर, कातडें उत्तम कापतात. पण त्यांच्या टोंकानें दगडाच्या फटींत तरफ मारली किंवा खैराच्या गांठीवर घाव घातला कीं धारेचा टवका उडतो. तरुणांत आणखी एक चाल आहे. सुरी ओंडक्यावर ठेवून तिच्या पाठीवर दुसऱ्या लांकडानें ठोकीत सरपण फोडावयाचें. अशा कामीं पातें मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेलेलें असावें लागतें. १९८२ सालच्या ‘फर्स्ट ब्लड’ ह्या चित्रपटानंतर पोकळ मुठीच्या सुऱ्यांची लाट आली. त्या मुठींत काड्यापेटी, गळ, होकायंत्र सारें मावे. चित्रपटांतील मूळ सुरी एका कसबी कारागिराची होती, परंतु तिच्या स्वस्त नकला जेथें पातें मुठीस जोडलें तेथेंच निखळत. पाठीवरच्या करवतीच्या दात्यांचेंहि असेंच. वैमानिकास पडलेल्या विमानाचा पातळ पत्रा कापून बाहेर पडतां यावें म्हणून ते दांते योजिलेले आहेत; सागाच्या फांदीवर ते अडकतात, आणि पाठीवर ठोकावें तर लांकूडच कुरतडलें जातें.

धारेविषयीं तर मोठीच गंमत आहे. आमच्या रानांतील बांबूंत आणि सागांत वाळूच्याच जातीचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळें कोणतीहि धार तेथें लवकर मरते. मेलेली धार जिवंत करणें किती सोपें, हा खरा प्रश्न आहे. कांहीं महाग पोलादांत व्हॅनेडियम घालतात. त्याचे कण साणेच्या नेहमींच्या दगडाहूनहि कठीण असल्यामुळें धार पुष्कळ टिकते खरी, पण गेल्यावर ती लावावयास हिऱ्याच्या भुकटीची पट्टी लागते. पुतण्याची सुरी आम्हीं वसई पूर्वेच्या एका वृद्ध लोहारास दाखविली. त्यानें ती साणेवर दोनदां फिरविली, अंगठ्यानें चांचपली आणि परत दिली. “मास्तर, पोलाद एक नंबर आहे,” तो म्हणाला, “पण रानांत हिची धार गेली, तर हा मुलगा माझ्याकडे येणार कीं तिकडे विलायतेला जाणार?” आम्हांस ह्या प्रश्नांत साऱ्या विषयाचें सार दिसलें. शिवाय जाड पातें मजबूत असतें, पण तें पाचरीसारखें शिरतें आणि काप बिघडवितें. स्वीडनमधील मोरा गांवची साधी सुरी अवघी अडीच मिलिमीटर जाड आणि किंमतीनें फार स्वस्त. तरी फळ, दोर, काटकी सोलण्यांत ती पुष्कळ भारी सुऱ्यांस मागें टाकते.

मूठ आणि म्यान ह्यांकडे खरेदी करतांना कोणी पाहत नाहीं, आणि कोंकणांत आधीं बिघडतात तीं हींच. कातड्याच्या चकत्यांची मूठ श्रावणांत बुरशी धरते. कांहीं जातींचें रबर उन्हानें चिकट होतें. लांकडाची मूठ फुगते, मग आकसते, आणि खिळे ढिले पडतात. कापडाचे थर राळेंत बसवून केलेली मूठ आमच्या हवेस सर्वांत बरी. म्यान कृत्रिम असेल तर तें पाणी पीत नाहीं, पण त्यांत वाळू राहिली तर दर खेपेस पात्यावर ओरखडे उमटतात. तें अधूनमधून धुऊन उपडें वाळवावें.

ह्या सर्व कसोट्या लावून आपल्याच परिसरांतील कोयत्याकडे पाहावें. वसईच्या पूर्व भागांत वारली, कातकरी आणि मल्हार कोळी बांधव कमरेच्या आंकडींत कोयता अडकवूनच घराबाहेर पडतात. पश्चिमेच्या केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांतूनहि त्याच्यावांचून पान हालत नाहीं. तो पुष्कळदां मोटारीच्या जुन्या पाट्यापासून घडविलेला असतो. हें पोलाद धक्के सोसण्यासाठींच केलेलें असल्यामुळें चिवट असतें. कोयता महाग सुरीहून सामान्यतः मऊ ठेवितात. म्हणून त्याची धार लवकर वळते, पण तुटत नाहीं, आणि दगडावर पांच मिनिटांत परत येते. त्याचें वजन पुढें असल्यामुळें हात कमी श्रमतो. केळीचा चीक लागून तो काळा पडतो, आणि रोज वापरांत असल्यामुळें गंजास बसावयास जागा मिळत नाहीं. मूठ फुटली तर नवी बसविण्यास अर्धा तास पुरतो. अर्थात् कोयत्याचें नुसतें स्तोत्र गावयाचें नाहीं. त्याच्यानें बारीक काम होत नाहीं, अनभ्यस्त हातांत तो धोक्याचा आहे, आणि हलगर्जीपणानें घडविलेला कोयता कोठें मऊ तर कोठें ठिसूळ निघतो. तेथें लोहाराच्या नजरेवर सारी भिस्त. ती नजर असलेले लोहार दिवसेंदिवस विरळ होत आहेत, कारण ज्यांनीं त्यांच्याकडे जावें ते दुकानांतून तयार माल आणतात. सुरीवर हजारों रुपये खर्चणाऱ्या तरुणानें एक कोयती जाणत्या लोहाराकडून मुद्दाम घडवून घ्यावी, असें आम्हांस वाटतें. तापल्या पात्याचा रंग पाहून त्यास पाणी कसें पाजतात, हें त्या निमित्तानें त्यास प्रत्यक्ष दिसेल, आणि एका कसबी माणसाच्या भात्यास काम मिळेल.

आतां एक गोष्ट कायद्याची, कारण ती पुष्कळांस ठाऊक नसते. तुंगारेश्वर हें २००३ पासून अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें अभयारण्यांत लेखी परवानगीवांचून शस्त्र घेऊन जातां येत नाहीं, आणि त्या अधिनियमांतील शस्त्राच्या व्याख्येंत सुरीचाहि स्पष्ट उल्लेख आहे. झाडें तोडण्यास तर मनाई आहेच. म्हणजे ज्या रानासाठीं मुलगा सुरी घेतो त्याच रानांत ती नेणें हा अपराध ठरूं शकतो. तसेंच १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचीं, घरकाम अथवा शेतीसाठीं नसलेलीं हत्यारें निराळ्या वर्गांत घातलीं आहेत. सणासुदीच्या वा अशांततेच्या दिवसांत पोलिसांचे मनाईहुकूम निघतात ते वेगळेच. आगगाडींतून शंभर माणसांत कमरेला सुरी मिरविणें हें शहाण्या घरच्या मुलास शोभतहि नाहीं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, आमच्या डोंगरांत संकट येतें तें सुरीनें टळणारें नसतें. पाय घसरतो, ओढ्यास अकस्मात् लोंढा येतो, ऊन लागतें, वाट चुकते, पायाखालीं साप येतो. चिंचोटीच्या धबधब्यावर पावसाळ्यांत तरुण बुडाल्याच्या बातम्या वसईकरांनीं कितीदां वाचल्या आहेत. त्या पाण्यांत जगांतील कोणती सुरी कामास आली असती? पाणी, दोर, विजेरी, औषधांची लहान पेटी, आणि कोठें जातों व केव्हां परततों हें घरीं सांगून ठेवलेला एक शब्द, हीं खरीं संकटकालचीं साधनें होत. मुलाच्या पिशवींत सुरी आहे म्हणून घरच्यांनीं निश्चिंत होऊं नये, आणि मुलानें तर मुळींच होऊं नये.

मग महाग सुरी घेऊंच नये काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. जो गिर्यारोहणाचें शिक्षण घेतो, जो बचावपथकांत काम करितो, ज्यास महिन्यांतून अनेक दिवस बाहेर काढावे लागतात, त्यानें चांगली सुरी अवश्य घ्यावी. समुद्रकांठीं राहणारानें क्रोमियमचें पोलाद पसंत करावें. नावेवर काम असेल तर नत्र मिसळलेलें, मिठाच्या पाण्यासहि दाद न देणारें पोलाद मिळतें, मात्र त्याची धार वारंवार लावावी लागते. पातें चार-पांच इंचांचें, मुठींत शेवटपर्यंत गेलेलें, पाठीवर दांते नसलेलें असावें. धार आपणांस लावतां येईल असेंच पोलाद घ्यावें. सुरी चुलींत किंवा शेकोटींत खुपसूं नये, कारण तेथील आंच दोनशें अंशांच्या कितीतरी पुढें जाते व पात्याचें पाणी उतरतें. विजेच्या चक्रावर कोरडी धार लावतांना पातें निळसर झालें म्हणजेहि तेंच झालें असें समजावें; तो रंग सुमारें तीनशें अंशांचा आहे. घरीं येतांच पातें गोड्या पाण्यानें धुवावें, पुसून कोरडें करावें, खनिज तेलाचा किंवा खोबरेलाचा पुसट हात द्यावा, आणि पावसाळाभर पंधरवड्यांतून एकदां तें बाहेर काढून पाहावें.

ह्यांतील शेवटचें काम मुलास जड वाटत असेल, तर घरच्यांनीं त्यास आधीं महिनाभर स्वयंपाकघरांतील विळी पुसून तेल लावून ठेवण्याचें काम द्यावें. तें ज्यानें न चुकतां केलें, त्याच्या हातीं दहा हजारांची सुरीहि टिकेल आणि दोनशें रुपयांची कोयतीहि टिकेल. ज्यास तें जमलें नाहीं, त्याच्या सुरीचे पैसे तूर्त पेटींतच राहूं द्यावेत.